दोन हजार वर्षांचं शिसं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘कृष्णपदार्थ आणि न्यूट्रिनोंचा शोध’ असा छापला आहे. हे दोन्ही काय असतं ते तुम्ही वाचलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी बोलणार आहे तो शोध सुरू होण्याआधीच्या कामाबद्दल. माझं ठाम मत आहे की या प्रयोगांतलं निम्मं विज्ञान साफसफाईत आहे, आणि ते तुम्हाला पटवल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

हे प्रयोग जमिनीखाली का करतात? तर आकाशातून वैश्विक किरणांचा मारा अखंड चालू असतो. आत्ता तुमच्या तळहातातून दर सेकंदाला त्यातला एखादा म्युऑन कण आरपार जातो आहे. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, 1400 मीटर खडकाच्या आड, हा मारा दहा लाख पटींनी कमी होतो. आपली मुंबईची माणसं कोलारच्या सोन्याच्या खाणीत याहून खोल उतरली होती. त्याकडे येतो.

पण खाली उतरलं की सुटलो, असं नाही. खडकातच युरेनियम असतं, थोरियम असतं. त्यातून रेडॉन वायू सुटतो आणि बंदिस्त हवेत साठतो. (सभागृहातून: “मग खाली जाऊन फायदा काय?”) रास्त प्रश्न आहे. वरचा मारा खडक अडवतो, खडकाचा मारा आपल्याला अडवावा लागतो. झारखंडमधल्या जादूगुडाची आपली भूमिगत प्रयोगशाळा तर युरेनियमच्याच खाणीत आहे, 555 मीटर खोल! शिवाय आपण जे बरोबर नेतो ते वेगळंच. तारा, स्क्रू, डाख, कपड्यांवरची धूळ. आणि माणूस स्वतः. तुमच्या-माझ्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियमचे सुमारे चार हजार अणू फुटत असतात. शेजाऱ्यापासून सरकून बसू नका, तुमचंही तेच चाललंय! (हशा) कॅनडात सडबरीच्या निकेलच्या खाणीत, दोन किलोमीटर खाली, आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकता येत नाही. आमच्या आज्यांचं सोवळं इतकं कडक नव्हतं.

किरणोत्सार अडवायला शिशाच्या भिंती उभारतात. इथे खरी गंमत आहे. ताजं शिसं स्वतःच किरणोत्सारी असतं. खनिजातलं युरेनियम भट्टीत मळीबरोबर निघून जातं, पण त्याच्या वंशावळीतलं शिसं-210 निघत नाही, कारण रसायनाच्या दृष्टीने तेही शिसंच. ते दर 22 वर्षांनी निम्मं होतं. म्हणजे उपाय एकच, वाट पाहायची. प्रयोगासाठी शतकानुशतकं कोण थांबणार? पण कुणीतरी नकळत थांबलं होतं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात स्पेनच्या खाणींतलं शिसं घेऊन निघालेलं एक रोमन जहाज सार्डिनिया बेटाजवळ बुडालं. त्यावर शिशाच्या हजारभर लगडी होत्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हे जहाज सापडलं, आणि त्यातलं शिसं वर काढण्यासाठी पैसे दिले इटलीच्या अणुभौतिकी संस्थेने! 2010 मध्ये कालियारीच्या पुरातत्त्व संग्रहालयातून 120 लगडी ग्रान सास्सोला गेल्या. एकेक लगड सुमारे 33 किलोची. प्रत्येकीवर खाणमालकाच्या नावाचा ठसा. तो ठशाचा भाग कापून इतिहासासाठी जपला आणि उरलेलं वितळवून न्यूट्रिनोंच्या ‘क्युओरे’ प्रयोगाभोवती कवच केलं. आत 988 स्फटिक, निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागावर थंड केलेले. पुरातत्त्वज्ञ नाराज झाले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुरावा एकदा वितळला की परत येत नाही. तरी माझं मत शिसं वापरण्याच्या बाजूचंच आहे, कारण ठसे राखले गेले.

(सभागृहातून: “एवढा खर्च कशासाठी? इथे लोकांना प्यायला पाणी नाही.”) पाण्याचंच सांगतो. शिशातल्या ज्या शिसं-210 चा आम्हाला त्रास होतो, तेच मोजून तलावाच्या तळाशी शंभर वर्षांत गाळ किती साचला हे ठरवतात. हे सूक्ष्म मोजमाप शिकलेला माणूस दोन्हीकडे लागतो. पाण्यावरचा पैसा काढून इकडे द्या असं मी म्हणत नाही, पण हे श्रीमंतांचे चोचले आहेत हे मला मान्य नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. कोलार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या माणसांनी तिथे सर्वांत खोल पातळीवर दोन महिने यंत्रणा चालवली, एकही म्युऑन नोंदला गेला नाही. या शून्यावरून त्यांना कळलं, इतक्या शांततेत न्यूट्रिनो दिसू शकेल. मग 1965 मध्ये चॅम्पियन रीफ खाणीत, 2.3 किलोमीटर खाली, याच संस्थेतल्या मेनन आणि श्रीकंतन यांच्या गटाने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणातल्या न्यूट्रिनोचे पुरावे टिपले. 2001 मध्ये खाण बंद झाली.

आता नव्या भूमिगत प्रयोगशाळेसाठी बोगद्याची चर्चा होते तेव्हा सगळे खोली विचारतात. स्क्रू कोण तपासणार हे कुणी विचारत नाही. ती तयारी बोगद्याच्या आधी, जमिनीवर करता येते. इथे महाविद्यालयांचे विश्वस्त बसले आहेत, म्हणून मागतो. भौतिकशास्त्राच्या एखाद्या विभागात तरी किरणोत्सार मोजणाऱ्या जर्मेनियम शोधकाची एक मोजणीखोली उभी करा. आणि पालकांनो, मुलगी म्हणाली की मला शिसं मोजायचंय, तर तिला अडवू नका.