पीतपिंड ओळखल्याशिवाय सुई नको



आजचे सबंध भाषण मी एकाच ग्रंथीसाठी राखून ठेवले आहे. गायीचा माज ओसरला की ती बीजांडकोशावर तयार होते, पूर्ण वाढली तरी दोन-अडीच सेंटिमीटरचीच असते, आणि गाय गाभण नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवशी विरू लागते. उलटणारी गाय असो, मुका माज असो की महिनोन्‌महिने भाकड राहिलेली म्हैस, आपला तपास फिरून या ग्रंथीपाशी, पीतपिंडापाशी, येतोच. तरी गोठ्यात सुई भरताना सर्वांत कमी विचार होतो तो त्याचाच. मला हे मनापासून खटकते.

पीतपिंडाचे काम उलगडायला बराच काळ गेला. ब्रेस्लाऊच्या लुडविग फ्रेंकेल यांनी 1903 मध्ये गाभण सशिणींचे पीतपिंड नष्ट करून दाखवले की त्यांच्यावाचून गर्भ टिकत नाही. त्यातले संप्रेरक, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, शुद्ध स्वरूपात हाती आले 1934 मध्ये. पण पीतपिंडाला मारते कोण, हा प्रश्न त्यानंतरही कितीतरी वर्षे शिल्लक होता. त्याचे उत्तर मेंढीने दिले. शास्त्रज्ञांनी तिचा बीजांडकोश काढून मानेत बसवला आणि गर्भाशय पोटातच ठेवले, तेव्हा पीतपिंड विरेना. गर्भाशयही सोबत मानेत नेले तेव्हा माजाचे चक्र पुन्हा सुरू झाले. म्हणजे हुकूम गर्भाशयाचा होता, आणि तो सगळ्या शरीराला वळसा न घालता शेजारच्या शेजारी पोहोचत होता. हा हुकूम म्हणजे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन; गर्भाशयाच्या शिरेतले प्रोस्टाग्लँडिन तिला बिलगून नागमोडी गेलेल्या बीजांडकोशाच्या धमनीत थेट झिरपते. मेंढीत हेच रसायन फुप्फुसांतून एकदा फिरले तरी नव्वद टक्क्यांहून अधिक निकामी होते. हा जवळचा रस्ता नसता तर हुकूम वाटेतच विरला असता.

पीतपिंडाच्या आत दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. लहान पेशींना मेंदूच्या तळच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे ल्युटिनायझिंग हॉर्मोन हलवते, आणि ते मिळताच त्या प्रोजेस्टेरॉनचा जोर वाढवतात. मोठ्या पेशी त्या हुकुमाची फारशी वाट पाहत नाहीत. रोजचे बहुतेक प्रोजेस्टेरॉन त्याच देतात, ऑक्सिटोसिनही त्याच बनवतात, आणि प्रोस्टाग्लँडिनचा पहिला घाव झेलतात त्याही त्याच. चक्राच्या शेवटी पीतपिंडातले ऑक्सिटोसिन गर्भाशयाला आणखी प्रोस्टाग्लँडिन सोडायला लावते आणि ते प्रोस्टाग्लँडिन पीतपिंडाचा निकाल लावते. ही साखळी तोडतो तो गर्भ. गाय आणि मेंढी या दोघींत गर्भाच्या बाह्य आवरणातून इंटरफेरॉन-टाऊ नावाचे प्रथिन स्रवते आणि गर्भाशयाला प्रोस्टाग्लँडिनचे ठोके देण्यापासून आवरते. गर्भ दुबळा असला, उशिरा वाढला, की हा निरोप वेळेत पोहोचत नाही. गाय एकविसाव्या दिवशी उलटते आणि आपण दोष रेतनाला देतो.

आता गोठ्यात या. शेतकरी म्हणतो, “डॉक्टर, दोन महिने झाले, माजावर येत नाही, एखादं इंजेक्शन द्या.” आपण पशुवैद्यक क्लोप्रोस्टेनॉलचे, म्हणजे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिनचे, पाचशे मायक्रोग्रॅम टोचतो आणि पुढच्या गोठ्याकडे निघतो. गायीवर पिकलेला पीतपिंड असेल तर दोन ते पाच दिवसांत माज येतो आणि आपले नाव होते. पण माज होऊन तीन-चारच दिवस झाले असतील तर? पहिले पाच दिवस कोवळा पीतपिंड या औषधाला जुमानत नाही. बीजांडकोश गुळगुळीत असेल, उपासमारीने काहीच तयार झाले नसेल, तर मारायला तिथे काही नाहीच. आणि गाय गाभण असेल तर त्या एका सुईने वासरू जाते, कारण पहिल्या सुमारे दोनशे दिवसांत गायीचा गर्भ पीतपिंडाच्या आधारावर जगतो. औषध तेच, मात्रा तीच, निकाल चार. म्हणून आधी हात घालून बीजांडकोश चाचपायचा, पृष्ठभागावर उंचवट्यासारखी टोपी लागते का, घट्ट आहे की मऊ, हे बोटांनी ओळखायचे, आणि शेवटचा माज कधी झाला हे घरातल्या बाईला विचारायचे. माजाचा सोट कधी दिसला, ते बहुतेकदा तिलाच ठाऊक असते.

म्हशीत तर बोटेही फसतात. तिचा पीतपिंड गायीपेक्षा लहान, पुष्कळदा बीजांडकोशात रुतलेला, टोपी न काढणारा. उन्हाळ्यात माज मुका. पंढरपुरी आणि नागपुरी म्हशींचा आपण अभिमान बाळगतो, पण त्यांच्यासाठी वापरतो ती वेळापत्रके विस्कॉन्सिनच्या गायींवर बेतलेली असतात. 1995 मध्ये तिथे जी पद्धत मांडली गेली तिच्यात एका इंजेक्शनने नवा पीतपिंड घडवायचा, सात दिवसांनी तो विरवायचा, मग पुन्हा बीज सोडवून ठरल्या वेळी रेतन करायचे. पद्धत सुरेख आहे, ती मी नाकारत नाही. पण पहिल्या इंजेक्शनला बीज सुटले नाही तर पुढची सगळी गणिते कोसळतात, आणि म्हशीत हे केव्हा व किती घडते, ते तिच्याच अंगावर, आपल्याच ऋतूंत मोजायला हवे.

शेळी-मेंढीबाबतही दक्षता हवी. धनगराच्या एकाच कळपात दोघी चरतात, म्हणून औषधही एकच, असे चालत नाही. मेंढीची वार पन्नास-साठ दिवसांनंतर प्रोजेस्टेरॉनचा भार स्वतः उचलते, शेळीला मात्र व्यायच्या दिवसापर्यंत पीतपिंडच लागतो. गाभण उस्मानाबादी शेळीला प्रोस्टाग्लँडिन कोणत्याही महिन्यात दिले तरी गर्भपात होणार.

आणखी एक कळकळ. पान्हा लवकर सोडावा म्हणून काही गोठ्यांत धारेआधी ऑक्सिटोसिन टोचण्याची सवय पडली आहे. 1959 मध्ये आर्मस्ट्राँग आणि हॅन्सेल यांनी कालवडींना माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा पीतपिंड अर्ध्या वाटेवर विरला आणि कालवडी आठ ते बारा दिवसांत पुन्हा माजावर आल्या. दुधाच्या चार घोटांसाठी आपण त्याच साखळीत रोज हात घालतो आहोत. धार काढण्यापूर्वी वासरू सोडणे, कास कोमट पाण्याने धुणे, धारेची वेळ न बदलणे, हे सांगण्यात पशुवैद्याला कमीपणा वाटू नये.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक तालुक्यात दुधातले प्रोजेस्टेरॉन तपासण्याची सोय हवी. रेतनाच्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी घेतलेले दुधाचे दोन नमुने गाय खरोखर माजावर होती का आणि आता रिकामी आहे का, हे सांगतात. प्रोस्टाग्लँडिन देण्याआधी पीतपिंडाची अवस्था कार्डावर लिहिल्याशिवाय कुपी फोडू नये. आणि हे औषध कातडीतून शरीरात शिरते, तेव्हा गर्भवती सहकारी आणि दम्याचा त्रास असलेले सहकारी यांच्या हाती ते देऊ नये. इतरांनीही हातमोजे घालावेत, सांडले तर लगेच साबणाने धुवावे. ही सूचना आपल्या दवाखान्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे.

या परिषदेचे पहिले सत्र म्हशींच्या उन्हाळी माजावर आहे. निबंध वाचणाऱ्यांना माझी विनंती, किती म्हशी गाभण राहिल्या हे सांगण्याआधी औषध टोचले त्या दिवशी त्यांच्या बीजांडकोशावर काय होते, ते आम्हाला सांगा.