मुलांचा खेळ आणि आईबापांची फुरसत



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून मुलांच्या खेळावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु युनियनच्या कचेरीत बोनस, हजेरी नि बदली यांच्या तक्रारींबरोबर अलीकडे आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. "पोरगा त्या गेममध्ये डोके घालून बसतो. द्यावा, की काढून घ्यावा?" एखादे काम माणसाला मानवते की नाही, हे पाहण्यात आमची उमर गेली. खेळ हे मुलाचे कामच होय. तेव्हा कामाला लावतो ती कसोटी आम्ही खेळालाही लावणार आहोत.

उदाहरणादाखल एकच खेळ घेऊ. त्याचे नाव 'स्पोअर क्रीचर्स'. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो २००८ साली निन्टेन्डो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढला. संगणकावरच्या 'स्पोअर' या खेळाचे हे धाकटे भावंड. यात मुलाने एक प्राणी घडवायचा असतो. पाय कसले, तोंड कसले, शिंगे कोठे, हे त्याने ठरवायचे. मग तो प्राणी घेऊन हिंडायचे, भेटेल त्या प्राण्याशी मैत्री करायची किंवा झुंजायचे, आणि नवे अवयव मिळवून आपल्या प्राण्याला जोडायचे. हे सारे यंत्राच्या पडद्यावर बारीक कांडी फिरवून करायचे असते.

आता हा मुलांच्या योग्य की अयोग्य? पुष्कळ लोक खोक्यावरचा शिक्का पाहतात. हे शिक्के आले कोठून? १९९३ साली अमेरिकेच्या सेनेटपुढे खेळांतील रक्तपाताची चौकशी झाली. सरकार कायदा करील या धास्तीने धंदेवाल्यांनीच १९९४ साली आपले परीक्षक मंडळ नेमले. युरोपातही २००३ पासून अशी व्यवस्था आहे. अमेरिकेतील रीत अशी की, खोक्यातून विकल्या जाणाऱ्या खेळातले सर्वांत जहाल प्रसंग निर्माताच चित्रित करून पाठवितो, आणि ते पाहून परीक्षक वयाचा शिक्का ठरवितात. ही सोय वाईट नाही. मारामारी किती, अचकटविचकट बोलणे किती, हे पालकाला कळते. पण फॅक्टरी इन्स्पेक्टरने यंत्राला जाळी आहे की नाही एवढेच पाहिले, तर हात तुटणार नाही हे कळेल. काम कसले, तास किती, मजुरी कोणाची कोणाला, हे कळणार नाही. शिक्का खेळात काय नाही ते सांगतो. खेळ मुलाकडून काय करवून घेतो, हे आपणच पाहिले पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न कामाचा. या खेळात मूल नुसते बघत बसत नाही. ते निवडते, जोडते, फसते, पुन्हा जोडते. मैत्री की झुंज हा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. आम्ही याला चांगले काम म्हणतो. मात्र एक सावधगिरी हवी. प्राणी घडविण्याचा खेळ म्हणजे जीवशास्त्राचा धडा, असे समजून पुष्कळ पालक खूश होतात. ते खरे नव्हे. निसर्गात कोणी कारागीर बसून प्राण्याला पाय जोडीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लहानसहान फरक पडतात, त्यांतले जगण्याला उपयोगी पडणारे टिकतात. डार्विनने १८५९ साली मांडले ते हे. २००८ सालीच 'सायन्स' या नियतकालिकाने शास्त्रज्ञांकडून मूळ 'स्पोअर'ची परीक्षा करविली, तेव्हा उत्क्रांतीच्या विषयात तो नापास ठरला. म्हणून मुलाला हा खेळ गंमत म्हणून द्यावा, पाठ्यपुस्तक म्हणून देऊ नये. बापाने शेजारी बसून "खऱ्या प्राण्याला असे शिंग मिळेल काय?" एवढे विचारले, तर खेळाची चूक हाच धडा होईल.

दुसरा प्रश्न मजुरीचा. हा खेळ एकदा विकत घेतला की व्यवहार संपला. आज फोनवर फुकट मिळणारे कित्येक खेळ मुलाला आत घेतात आणि मग पावलापावलावर पैसे मागतात. बंद पेटी विकत घ्या, आत काय निघेल ते नशीब, असा प्रकार. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरविले. आपल्याकडेही पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली कायद्याने बंदी आली. फुकटाचा खेळ बहुधा महागात पडतो, हे घराघरांत सांगण्याची वेळ आली आहे.

मजुरीचे आणखी एक अंग आहे. २००४ साली याच कंपनीतील एका कामगाराच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्र लिहून, त्याला आठवड्याचे सातही दिवस कसे राबविले जाते, ते जगापुढे मांडले. जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावे झाले. कंपनीला २००५ साली चित्रकारांशी १ कोटी ५६ लाख डॉलरची आणि २००६ साली प्रोग्रॅमरांशी १ कोटी ४९ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. मुलांच्या फुरसतीसाठी खेळ बनविणाऱ्या माणसांना स्वतःच्या मुलांसाठी फुरसत नव्हती!

तिसरा प्रश्न तासांचा, आणि खरी अडचण येथेच आहे. गिरणीला भोंगा होता. या खेळाला भोंगा नाही. आणखी एक अवयव, आणखी एक प्राणी, असे चालूच राहते. आपल्या देशात १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांच्या कामाला रोज ९ तासांची हद्द घातली. आज ती हद्द वाचून अंगावर काटा येतो. पण हद्द घालावी लागते हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळासाठी आठवड्याला तीनच तास ठेवले. आम्ही हुकमाच्या बाजूचे नाही. आम्ही कराराच्या बाजूचे. मुलाला समोर बसवा, त्याचे म्हणणे ऐका, वेळ ठरवा. हातातले काम अर्धवट असताना यंत्र हिसकावू नका. दहा मिनिटे आधी सूचना द्या. आणि करार दोन्ही पक्षांना बांधतो, हे विसरू नका. जेवताना बापाच्या हातात फोन असेल, तर पोराने कोणता नियम पाळावा?

तेव्हा आमचा निवाडा असा : आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलाला हा खेळ द्यायला हरकत नाही, पण वेळ ठरवून, आणि अधूनमधून मोठ्या माणसाने शेजारी बसून.

आता तुम्ही म्हणाल, शेजारी बसायला वेळ कोठे आहे? बंधूंनो, मुद्दा हाच आहे. आई कामावरून सात वाजता येते, बाप दुसऱ्या पाळीला. मग यंत्र दाई होते. हा आईबापांचा निष्काळजीपणा म्हणून त्यांना बोल लावणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या कामाचे तास मोजणारा एखादाच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, ती काय नुसती पाय पसरून पडण्यासाठी? घरच्या माणसांत बसता यावे, हाही तिचा अर्थ होता. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. बारा तास राबून घरी आलेल्या बापाला "मुलाच्या खेळाकडे लक्ष द्या" असे सांगणे ही थट्टा आहे.

म्हणून मुलांना कोणता खेळ द्यावा, याचा विचार जरूर करा. पण त्याच बरोबर त्यांच्याजवळ बसण्याचे तास मागा, आणि ते एकजुटीने मागा. खेळाची पारख शिक्क्याने होत नाही, शेजारी बसलेल्या माणसाने होते. तो माणूस घरी असला पाहिजे.