अंतराळातील खेळ आणि मोबदल्याचा हिशेब



मधल्या सुट्टीत हल्ली मुले कशावरून भांडतात, हे शिक्षक मंडळींनी एकदा कान देऊन ऐकावे. बहुधा मोबाइलवरच्या खेळावरून. "तो नुसता लपून बसला, तरी त्याला माझ्यापेक्षा जास्त नाणी!" तक्रार पोरकट वाटते खरी. पण आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्यात चांगली मिळवती, मोठी माणसे हाच वाद वीस वर्षांहून अधिक काळ घालीत आली आहेत.

खेळाचे नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँड नावाच्या थंड बेटावर, रेक्याविक शहरात, सीसीपी नावाची कंपनी आहे. तिने मे २००३ मध्ये तो सुरू केला. संगणकाच्या पडद्यावर अंतराळ दिसते, खेळणारा नौकेचा कप्तान होतो आणि पाच हजारांहून अधिक सूर्यमालांतून भटकतो. चिनी खेळाडूंसाठी आकाश वेगळे आहे; बाकी साऱ्या जगाचे मिळून एकच. नौका फुटली की गेली, ती परत मिळत नाही. नवी घ्यायची तर बाजारात जायचे, आणि बाजारातली जवळजवळ प्रत्येक नौका कोणा ना कोणा खेळाडूनेच बांधलेली असते.

आता बघा, इथे धंदे किती निघाले. कोणी लघुग्रह फोडून खनिज काढतो, कोणी ते वाहून नेतो, कोणी जिता नावाच्या मोठ्या पेठेत बसून घेतो-विकतो. कोणी संगणकाने चालवलेल्या चाच्यांना मारून बक्षीस मिळवतो, तर कोणी सरळ दुसऱ्या खेळाडूलाच लुटतो. हो, लुटणे नियमात बसते! चलनाला म्हणतात इस्क. आइसलँडच्या खऱ्या चलनाची आद्याक्षरेही हीच, हा तिथल्या लोकांचा थट्टेखोरपणा. २००८ पासून हे खेळातले चलन देऊन खेळाची मासिक वर्गणीसुद्धा फेडता येते. म्हणजे कोणाच्या कष्टाला किती इस्क, हा प्रश्न नुसता हौसेचा राहत नाही.

कंपनीचा मूळ नियम साधा होता. प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा आकडा. अर्धा किंवा त्याहून अधिक असेल, तर हल्ला करणाऱ्यावर पोलीस येऊन त्याची नौका फोडतात. आकडा शून्यावर आला की तुमचे रक्षण तुम्हीच करायचे. जिथे धोका जास्त, तिथे धन जास्त. तुम्ही म्हणाल, ठीकच आहे की, मग वाद कसला?

वाद असा, की माणूस मोबदला पाहतो आणि त्याच्या मागे धावतो. एक उदाहरण सांगतो. काही दूरच्या प्रदेशांत चाच्यांऐवजी यंत्रमानवी नौका असत. त्या फोडल्या की रोख बक्षीस मिळत नसे, मिश्रधातू मिळे, आणि तो वितळवला की त्यातून खनिजे निघत. झाले! बंदूकवाल्यांनी खाणीत पाऊल न टाकता बाजारात खनिजांचे ढीग लावले. खरा खाणकरी तासन् तास दगड फोडीत बसलेला; त्याच्या मालाला भाव येईना. लोक याला 'बंदुकीची खाण' म्हणत. अखेर एप्रिल २०१२ मध्ये कंपनीने ते मिश्रधातू बंद करून त्या जागी रोख बक्षीस ठेवले. खनिजांचे भाव चढले, खाणकऱ्याला श्वास घेता आला. लढणाऱ्याचेही पोट मारले नाही. फक्त त्याचा मोबदला दुसऱ्याच्या पेठेतून काढून घेतला. मला ही दुरुस्ती सगळ्यांत शहाणी वाटते.

लुटारूंचा प्रश्न याहून अवघड. सुरक्षित भागातही स्वस्त नौका घेऊन पाचसहा जण टपून बसत आणि पोलीस पोचेपर्यंत एखाद्याची महाग खाणनौका फोडून टाकीत. पोलीस त्यांच्या नौका फोडीत हे खरे, पण गंमत ऐका: त्या फुटलेल्या नौकांवर त्यांना विम्याची भरपाई मिळे. चोराला सरकारी खर्चाने नवी पहार द्यावी, तसला प्रकार. नोव्हेंबर २०११ मध्ये ही भरपाई बंद झाली. लूट बंद केली नाही, हे ध्यानात घ्या. फक्त ती लुटारूच्या पदरच्या खर्चाने व्हावी असे केले. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये खाणनौकांची वाटणी बदलली. हल्क नौका खनिज भराभर काढते, पण तिचे कवच नाजूक. मॅकिनॉचे कोठार मोठे. स्किफ भक्कम, पण काम सावकाश. जास्त मिळकत हवी की शांत झोप हवी, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

फसलेला उपायही सांगितला पाहिजे. लुटले गेलेले लोक लुटारूच्या डोक्यावर इनाम लावीत. त्याला मारणाऱ्याला ती सगळी रक्कम मिळे. लुटारू काय करी? आपल्याच मित्राच्या हातून मरे, आणि इनाम दोघे वाटून घेत! बिचाऱ्या खाणकऱ्याचा पैसा शेवटी त्याच्याच शत्रूच्या खिशात. डिसेंबर २०१२ मध्ये नियम बदलला: लुटारूचे जेवढे नुकसान होईल, त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेच इनाम मिळेल. शंभराची नौका फोडून घेऊन वीस मिळवण्याचा धंदा कोण करील? बदमाशी थांबली, पण इनामाचा मोहही आटला.

आणि लढाई मुळातच बंद केली तर? तर खाणकरीच आधी बुडेल. जानेवारी २०१४ मध्ये एका सूर्यमालेची ताबापट्टी भरायची राहून गेली, एवढ्यावरून दोन मोठ्या गटांत सुमारे एकवीस तास युद्ध जुंपले आणि टायटन जातीच्या ७५ अजस्र नौका फुटल्या. त्यातली प्रत्येक नौका म्हणजे कितीतरी खाणकऱ्यांची मेहनत. ती फुटते म्हणून नवी लागते, नवी लागते म्हणून खनिज खपते. लोहाराला जसा मोडक्या नांगराचा आधार, तसे हे नाते आहे.

अलीकडची एक युक्ती शेतकरी बंधूंना चटकन कळेल. मोठमोठे गट एकाच रानात बसून रात्रंदिवस चाचे मारीत आणि इस्कचा पूर आणीत. २०२० च्या अखेरीस कंपनीने बक्षिसाचा दर हलता ठेवला. ज्या सूर्यमालेत फार शिकार होईल तिथे दर उतरतो, विसावा मिळाला की पुन्हा चढतो; तिथे खेळाडूंच्या नौका फुटल्या, म्हणजे खरा धोका दिसला, तरीही चढतो. पडीत ठेवलेल्या रानाला कस येतो ना, तसेच. दूरच्या गटांनी यावर खूप आरडाओरडा केला. माझ्या मते त्यात थोडे तथ्यही होते, कारण मोठ्या गटाला दुसऱ्या रानात हलणे सोपे असते. दोघाचौघांच्या टोळीला ते तितकेसे जमत नाही.

या साऱ्या हिशेबासाठी कंपनीने २००७ मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला होता. आयोल्फुर गुडमुंडसन हे त्यांचे नाव. पुढे ते आइसलँडमधल्या अकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. शिवाय २००८ पासून खेळाडू मते देऊन आपले प्रतिनिधी निवडतात. हे मंडळ कंपनीपुढे गाऱ्हाणी मांडते. मात्र मोठे गट एकजुटीने मतदान करतात, आणि एकटादुकटा खाणकरी बहुधा मत द्यायलाच जात नाही. त्यामुळे मंडळात दूरच्या प्रदेशांचे बळ नेहमीच अधिक दिसते, आणि सुरक्षित भागातले लोक 'आमचे कोणी ऐकत नाही' म्हणून कुरकुरत पुन्हा आपल्या दगडांकडे वळतात.