अरण्यासाठी झिजलेली लेखणी



"बी.ए. होऊन काय करणार?" हा प्रश्न आपल्या घराघरांत आजही विचारला जातो. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. म्हणूनच आज अशा एका माणसाविषयी बोलणार आहे, ज्याने ना बंदूक हाती घेतली, ना वनाधिकाऱ्याचा गणवेश चढविला. तरी अमेरिकेतील अरण्यांना कायद्याचे कवच मिळवून दिले. त्यांचे नाव हॉवर्ड झानिझर.

झानिझर यांचा जन्म १९०६ सालचा. वडील धर्मोपदेशक. १९२८ साली ते कला शाखेचे पदवीधर झाले. काही काळ वार्ताहर, काही काळ शिक्षक, पुढे सरकारी खात्यात लेखन-संपादन, असा त्यांचा प्रवास. १९४५ साली सरकारी नोकरीची सुरक्षितता सोडून ते 'वाइल्डरनेस सोसायटी' या लहानशा संस्थेत कमी पगारावर गेले. घरात बायको-मुले असताना असा निर्णय घेणे किती कठीण, हे आपण पगारदार माणसे जाणतोच.

पुढे इको पार्क येथील नियोजित धरणाविरुद्ध त्यांनी सहकाऱ्यांसह लढा दिला आणि १९५६ साली ते धरण योजनेतून वगळले गेले. परंतु दर वेळी एकेका धरणाशी, एकेका रस्त्याशी किती लढणार? अरण्य राखण्याचा कायदाच हवा, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी विधेयक संसदेत आले. मग आठ वर्षे सुनावण्या, हरकती, दुरुस्त्या. मसुदा साठांहून अधिक वेळा लिहिला गेला. कोटाला मुद्दाम मोठे खिसे शिवून घेऊन त्यांत कागदपत्रे भरून ते हिंडत. खाण, लाकूड व चराई यांच्या बाजूने विरोध करणाऱ्यांशीही ते वैर न धरता बोलत. चालू असलेली चराई राहू दिली; खाणींचे नवे दावे नोंदविण्यास १९८३ अखेरपर्यंत मुभा द्यावी लागली. पण कायम रस्ते नाहीत, मोटारी नाहीत, हे मूळ तत्त्व त्यांनी सोडले नाही.

५ मे १९६४ रोजी वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चारच महिन्यांनी, ३ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. त्या समारंभास झानिझर नव्हते. त्यांच्या पत्नी अॅलिस उपस्थित होत्या. त्या दिवशी सुमारे ९१ लाख एकर अरण्य सुरक्षित झाले. आज ते ११ कोटी एकरांहून अधिक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, नेतृत्व म्हणजे केवळ व्यासपीठावरचा आवाज नव्हे. नाकारलेला मसुदा पुन्हा लिहावयास बसणे, हेही नेतृत्वच होय. अरण्यरक्षणाच्या कामाला प्राणिशास्त्रज्ञ हवेत, तसेच कायदा वाचणारे, अर्ज लिहिणारे, हिशेब चोख ठेवणारेही हवेत. तेव्हा आपली पदवी कमी लेखू नका.