आवडती कादंबरी आणि आपला केस फॉर्म

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



माझ्या नावापुढे ‘वाचन आणि आपण’ असा विषय लिहिलेला पाहून तुम्हाला वाटलं असेल, ही आता पिशवीतून एखादा जाडजूड अहवाल काढणार. पण मी बोलणार आहे एका प्रेमकादंबरीबद्दल. हसा, खुशाल हसा! मीही इतकी वर्षं असली पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच वाचत आले.

सोनाली देव ही माझी आवडती लेखिका. लहानपण मुंबईतलं, आता राहते अमेरिकेत, लिहिते इंग्रजीत. २०२५ साली आलेली तिची ‘देअर्स समथिंग अबाउट मीरा’ हातात पडली आणि शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत मी ती खाली ठेवली नाही. मीरा साळवी न्यूयॉर्कला एकटीच येते, तिथं तिला कुणाची तरी हरवलेली अंगठी सापडते आणि त्या माणसाचा शोध सुरू होतो. शेवट सांगत नाही. सकाळी डोळे चुरचुरत होते, पण मन ताजंतवानं झालं होतं.

माझी सहकारी म्हणाली, “अगं, तूसुद्धा हे वाचतेस?” तिचा आक्षेप खोटा नाही. १९७२ साली कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ अमेरिकेत तुफान खपली. त्यात नायक नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर ठरतो! जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ लिहिलं. त्या बायका म्हणाल्या, पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आमचा स्वतःचा. रॅडवेंनी हे मोलाचं मानलं, पण हेही दाखवलं की पुस्तक मिटल्यावर घर होतं तसंच राहतं. दोन्ही गोष्टी मला पटतात.

तरीही मी वाचते. का, ते मला आपल्याच केंद्रात कळलं.

एका दुपारी वकीलबाईंची वाट पाहत बायका बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून मी सोनाली देवचीच २०१४ सालची ‘अ बॉलिवूड अफेअर’ सांगायला घेतली. राजस्थानातली मिली, चौथ्या वर्षी लग्न झालेली. नवरा वीस वर्षं फिरकलेला नाही. ती शिकायला अमेरिकेत जाते आणि लग्न रद्द करण्याच्या कागदांवर तिची सही घ्यायला येतो नवऱ्याचा धाकटा भाऊ. चहा निवून गेला, पण “मग पुढं?” काही थांबेना. मिली त्या भावाच्या प्रेमात पडते म्हटल्यावर पंधराव्या वर्षी लग्न झालेली एकजण म्हणाली, “तो तिला विचारतो का, तुला काय पाहिजे म्हणून? मला कुणी विचारलं नाही. ताई, तुम्हीपण नाही.”

मी गप्प झाले. आपला केस फॉर्म डोळ्यांपुढे आला. किती वेळा मारलं, कशानं मारलं, स्त्रीधन कुणाकडे, माहेरचा आधार आहे का. शेवटी ‘अपेक्षा’ : नांदायचं, पोटगी की घटस्फोट. बस्स.

रखमाबाईंना १८८७ साली कोर्टानं सांगितलं होतं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिथून २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यापर्यंत आपण आलो. आज अल्पवयात लग्न लावलेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येतं. ‘नाही’ म्हणण्याचा हा हक्क झगडून मिळाला आहे आणि अजून तो प्रत्येकीपर्यंत पोचवायचा आहे. पण बाईच्या मनातल्या ‘हो’चं काय? तिला सोबत हवी असेल, कुणाचा स्पर्श हवा असेल, किंवा काहीच नको, नुसती शांत झोप हवी असेल. हे विचारायला आपण लाजतो, कारण मारहाणीपुढे ते क्षुल्लक वाटतं. त्या बाईला ते क्षुल्लक वाटत नव्हतं.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. फॉर्म भरून झाला की पेन खाली ठेवून विचारायचं, “बाई, तुला स्वतःला काय आवडेल?” आणि केंद्रातल्या कपाटात कायद्याच्या पुस्तिकांशेजारी एक कप्पा कादंबऱ्यांचा करायचा. त्यातल्या नायकांवर जरूर टीका करू, पण सगळ्याजणींनी वाचून, एकत्र बसून.

मीराची कादंबरी मी आणली आहे. कव्हर काढलंय. कुणाला हवी असेल तिनं न्यावी, फक्त परत करावी.