सीमेवरील प्रवास आणि मनाची स्वस्थता

कोल्हापूरहून बेळगावास निघालेला प्रवासी कागल मागे टाकून कोगनोळीच्या नाक्यावर येतो, तेव्हा वस्तुतः त्याच्या भोवतीचे फारसे काही पालटलेले नसते. उसाचे मळे तेच, आणि पुढे निपाणीकडे तंबाखूची शेते. पालटते ती फलकांवरील लिपी. एरव्ही तिकडे त्याचे लक्षही जात नाही. परंतु आदल्या दिवशी कोठे दगडफेक झाल्याचे वर्तमान त्याने वाचलेले असले, म्हणजे तीच लिपी त्याला डोळे वटारून पाहत असल्याचा भास होऊ लागतो.

हे भय अगदीच निराधार आहे, असे मात्र नव्हे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासूनचा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९८६ च्या जून महिन्यात कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात येथे गोळीबार झाला. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीनजीक महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात मराठी न बोलल्यावरून कर्नाटकाच्या एका कंडक्टरला मारहाण झाल्याची तक्रार झाली. लागलीच चित्रदुर्ग येथे महाराष्ट्राच्या एका बसचालकाला काळे फासण्यात आले, आणि गाड्या बंद पडल्या. दोघेही पोटासाठी गाडीवर चढलेले. भाषेचा अभिमान दाखविण्यासाठी तिकिटे फाडणारा माणूसच सापडावा, हे नवलच म्हटले पाहिजे!

अशा मुलखात जाताना मन स्वस्थ कसे राहावे? १९८६ साली छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. ते पुढाऱ्याचे साहस होते. बंदी मोडणे हाच त्याचा हेतू होता. आजारी बहिणीला भेटावयास किंवा मुलीचे स्थळ पाहावयास निघालेल्या गृहस्थाला वेष बदलण्याचे काही कारण नाही. किंबहुना जो आपली ओळख लपवू लागतो, त्याचीच छाती अधिक धडधडते. दबकत बोलणारा, दर दोन मिनिटांनी मागे वळून पाहणारा मनुष्य भोवतालच्यांच्या नजरेत लवकर भरतो.

स्वस्थतेचा अर्धा भाग घरीच तयार होतो. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबर या तिथी जाणत्या प्रवाशाच्या ध्यानात असतात. १ नोव्हेंबरला तर एकाच शहरात कुणाचा राज्योत्सव असतो आणि कुणाचा काळा दिवस. बेळगावात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते त्या दिवसांतही वातावरण तापलेले असते. काम थांबण्याजोगे असेल तर ते चार दिवस पुढे ढकलण्यात भित्रेपणा नाही. निघाल्यावर गाडी अडली, तर खिडकीतून हुज्जत घालू नये. गर्दी कशाची म्हणून पाहावयास उतरू नये. भ्रमणध्वनीवर आलेली प्रत्येक वार्ता शेजाऱ्याला वाचून दाखवू नये. अफवा सांगणाऱ्याचेच हातपाय आधी गळतात. गाडी पुढे जाणार की परत फिरणार, एवढे चालकाला हलक्या आवाजात विचारावे आणि घरी तसे कळवावे.

उरलेला अर्धा भाग म्हणजे दोन-चार शब्द. ‘कन्नड बरोदिल्ल’, म्हणजे कन्नड येत नाही, एवढे त्याच भाषेत सांगता आले, तरी ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी पुष्कळदा सैल होते. समोरचा मग मोडक्या मराठीत वाट सांगू लागतो. कित्येकदा ती मोडकी नसतेही, कारण घरी तो तीच बोलत असतो. निपाणीच्या बाजारात एकच व्यापारी एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कन्नडमध्ये तंबाखूचा भाव बोलतो. प्रवाशाला तर त्याहून सोपी सोय आहे. परक्या गावी वडीलधाऱ्या पुरुषाला ‘अण्णा’ आणि बाईला ‘अक्का’ म्हणून हाक मारावी. ही हाक कोणत्या भाषेतील, असे कोगनोळीपासून बेळगावपर्यंत कोणी विचारीत नाही.