मुद्दल राखा, फळ घ्या : घरच्या रानाविषयी थोडेसे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर रानाचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु आपल्या कोकणात मुलाची फी भरायची असो की मुलीचे लग्न, पैशांची नड आली की पुष्कळ घरांची पहिली नजर वडिलार्जित रानाकडेच जाते. म्हणून पालकांसमोर हा विषय मांडणे मला अगत्याचे वाटते.

देशातील बहुतेक जंगल सरकारी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र सरकारी जंगल थोडे. डोंगरउतारावरचे ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ यांचे रान बहुतांशी खासगी मालकीचे आहे. एकेका सातबारावर वीस-वीस नावे असतात. कुणी मुंबईत, कुणी आखातात, कुणी आफ्रिकेत. ठेकेदार येतो, एकेकाची सही मिळवतो आणि सरसकट तोड होते. रकमेची वाटणी झाल्यावर एका हिस्सेदाराच्या हाती काय पडते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पूर्वी तोडीनंतर खोडांना फुटवे येत आणि रान पुन्हा उभे राही. आता यंत्राने मुळेच उपटली, तर ते परत येत नाही.

रान आपले असले तरी त्याचा फायदा साऱ्या गावाचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो. पालापाचोळा आणि मुळे पाणी जमिनीत मुरवतात. ती गेली की पाणी माती घेऊन पऱ्ह्यातून खाडीला जाते आणि खालच्या विहिरी लवकर आटतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. असा अतिवृष्टीचा तडाखा झाडे दरवेळी थोपवू शकतील असे नव्हे. परंतु मुळांनी धरलेली माती उघड्या मातीपेक्षा अधिक टिकते. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो आणि फळे खाऊन बिया रानभर पेरतो. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेने रानमालकांशी करार करून अशी राने राखली आहेत.

‘रान राखले तर सरकार घेईल’ ही भीती मी पुष्कळदा ऐकतो. ती अगदीच निराधार नाही. खासगी वने संपादन करण्याचा कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलात आला. मात्र १९७८ च्या दुरुस्तीने बारा हेक्टरपर्यंतच्या धारकांना जमीन परत देण्याची तरतूद झाली, आणि नुसती जुनी नोटीस काढली म्हणून जमीन वन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. तेव्हा भीतीपोटी कुऱ्हाड चालवण्याआधी सातबाराचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा आणि जाणकार वकिलाला विचारा.

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाचे उत्तर आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबरला उत्तम जमीन मिळाली, तेव्हा हुजूर (स.) यांनी मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न खैरातीत देण्याचा सल्ला दिला. वक्फची कल्पना यावरच उभी आहे. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, अशीही हदीस आहे. आपला हिस्सा विकण्याआधी भागीदाराला विचारावे, हा शुफाचा दंडकही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून वारसांनी एकत्र बसावे. फरायजप्रमाणे हिस्से कागदावर ठरवावेत, बहिणींचा हिस्सा विसरू नये आणि रान मात्र अखंड ठेवावे. एकाला लेखी कारभारी नेमावे. पऱ्ह्याच्या दोन्ही काठांना, उभ्या चढावर आणि जुन्या मोठ्या झाडांना हात लावू नये. हिरडा, बेहडा, मध, वाळलेले लाकूड यांचे उत्पन्न हिश्शाने वाटावे. तोड करावीच लागली तर परवानगी घेऊन, निवडून करावी. हे उत्पन्न एकरकमी तोडीएवढे दिसणार नाही, हे मी लपवत नाही. पण ते पुढच्या पिढीलाही मिळेल. नडलेल्या भावाला इतर भावांनी वेळेवर हात दिला, तर त्याला रान विकावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर रानात जा. झाडांची नावे, झऱ्याची जागा आणि तो कोणत्या महिन्यात आटतो, हे वहीत लिहून ठेवा. ज्यांना ही नावे ठाऊक आहेत ती माणसे थकत चालली आहेत. त्यांचे ज्ञान तुमच्या वहीत उतरले, तर रान राखणारे हातही तयार होतील. अल्लाह आपणा सर्वांना तशी तौफिक देवो. आमीन.